बाईंनी नाव घेतलं नव्हतं

वाशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुंबईशेजारची वाशी आठवते आणि मग मला सांगावं लागतं की नाही हो, आमची धाराशिव जिल्ह्यातली. तालुक्याचं गाव, आठवडी बाजार आणि चहूबाजूंनी सोयाबीन. मालक वायरमन. त्यांची इथं बदली झाली तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि इथलेच होऊन गेलो. बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, मी तिच्या रंगाचा ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल काढून देते. रंग ओळखण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. माणसांच्या बाबतीत तसं छातीठोक सांगता येणार नाही.

वर्षातले पंधरा दिवस माझ्या दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही. पितृपंधरवड्यात नवं कापड कोण घेणार? शेजारचे दुकानदार तोंड पाडून बसतात आणि मी मनातून खूश असते, कारण माझं वर्षाचं वाचन त्याच दिवसांत होतं. शटर अर्धं खाली ओढायचं, गल्ल्यामागं मांडी घालून बसायचं आणि पुस्तक उघडायचं. घट बसले की श्वास घ्यायला फुरसत नसते. नवरात्रातल्या नऊ रंगांचं खूळ आता वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलंय. आज मोरपंखी, उद्या राखाडी. जिच्याकडं राखाडी साडी नाही ती निदान राखाडी ब्लाउजपीस तरी घेऊन जाते. एखादी सकाळी सातलाच येऊन शटर वाजवते.

आमचा वाचणाऱ्यांचा एक गट आहे, आठ-नऊ जणांचा. रिटायर झालेले पोस्टमास्तर काका, माझ्याच गल्लीतले टेलर चाचा, खताचे दुकानदार, असे सगळे. पाऊस सरून शरद लागायच्या वेळेला आम्ही काकांच्या वरच्या खोलीत जमतो आणि प्रत्येकानं एकेक पुस्तक बाकीच्यांना सुचवायचं. नियम काकांनी घालून दिलेले. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पाहिजे. बोलताना हातात कागद नको. गोष्ट सांगायची नाही, ते आपल्याला का लागलं एवढंच सांगायचं. कोणी आधी बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि एक पुस्तक एकदाच, जो आधी सांगेल त्याचं. ज्याला येणं जमलं नाही त्याच्यासाठी फोनवर बोलणं टेप करून ग्रुपवर टाकतात. बैठक सर्वपित्री अमावास्येला, दुपारी चारला, म्हणजे वडी-खिरीचं जेवण जरा उतरल्यावर. हा दिवस माझ्यामुळं ठरला. दुसऱ्या दिवशी घट बसतात, मग मी कुठली यायला. अमावास्येला कसली शुभ कामं करता, असं खतवाल्यांनी म्हणून बघितलं, तेव्हा काका म्हणाले, पुस्तकाला अमावास्या नसते.

मी मात्र तिथं सात वर्षं जाऊन सात वर्षं एकच वाक्य बोलले. चांगलं हाय, वाचा. एवढं म्हणून खाली बसायचं. दहावीनंतर शाळा सुटलेली बाई मी. चार माणसांत उभी राहिले की जीभ टाळूला चिकटायची. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, तसं माझ्या पुस्तकांचं व्हायचं. ती कोणी वाचायला नेत नसे.

मला या गटात आणलं ते बाईंनी. बाई म्हणजे इथल्या हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या. एकदा आमसुली साडीला अस्तर घ्यायला आल्या आणि गल्ल्यावर उपडं ठेवलेलं पुस्तक बघून म्हणाल्या, ताई, हे तुम्ही वाचताय? दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची दोन पुस्तकं आणून दिली. त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की त्या दुकानात यायच्या, मी चहा सांगायची आणि आम्ही बोलत बसायचो. माझ्या आयुष्यात मला 'तुम्हाला काय वाटलं?' असं विचारणारं पहिलं माणूस म्हणजे बाई. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात माझ्या हाती एक कादंबरी आली. तिचं नाव सांगत नाही. त्यात एक बाई आपल्याच मुलीला दुसऱ्याच्या घरात मोठी होताना बघते, एवढं पुरे. ती मी तीन दिवसांत वाचली आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. मनात ठरवलं की यंदा नुसतं 'वाचा' म्हणून बसायचं नाही, यंदा बोलायचं. शनिवारी बाई आल्या तेव्हा त्यांना म्हटलं की माझी तयारी करून घ्या.

बाईंनी मला शाळेतल्या मुलीसारखं समोर उभं केलं. मी म्हणाले, पुस्तक चांगलं आहे, भाषा साधी आहे, बाईचं दुःख छान मांडलंय. बाई मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या की हे तर कोणीही म्हणेल, तुम्हालाच का लागलं ते सांगा. मी टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, शटर अर्धं खाली होतं आणि आत्तापर्यंत मला कोणी इतकं खोदून विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी सांगितलं की माझी दुसरी मुलगी मी जावेच्या ओटीत घातली आहे. थोरले दीर आणि जाऊबाई तेव्हा पुण्याला, दीर कंपनीत. लग्नाला बारा वर्षं होऊन त्यांना मूलबाळ नव्हतं. मला लागोपाठ दोन मुली. धाकटी आठ महिन्यांची असताना घरात बसून ठरलं. मला कोणी जबरदस्ती केली नाही असं सगळे म्हणतात, मीही तसंच म्हणते. पोरगी पुण्याला गेली. दोन वर्षं मी रोज एकदा तरी न्हाणीत जाऊन रडले. पुढं दीर नोकरी सोडून जळकोटला शेतीवर आले तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती. गावानं ती त्यांचीच म्हणून बघितली, शाळेच्या दाखल्यावर त्यांचंच नाव. भावकीतल्या चार-पाच जणांना तेवढं ठाऊक. जाऊबाईंनी मला तुळजापूरला नेऊन देवीपुढं शब्द घेतला होता की पोरीचं लग्न ठरेपर्यंत तिला सांगायचं न्हाय, आणि सांगायचं तवा दोघींनी मिळून सांगायचं. मला पटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी मला काकी म्हणते, दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस येते, दुकानात बसते, आणि जाताना मी तिला एक पुस्तक देते. तिला वाचायचं वेड आहे. ते कुठून आलं हे ती विचारते तेव्हा मी म्हणते, देव जाणे.

हे सगळं ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला. यातलं बैठकीत काही बोलायचं नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं आणि त्यांनीही दोनदा हो म्हणून मान हलवली. निघताना म्हणाल्या, ते पुस्तक द्या जरा, मीही चाळते. मी दिलं.

अमावास्येला चिठ्ठ्या निघाल्या. बाईंचा नंबर दुसरा, माझा पाचवा. बाई उठल्या, पिशवीत हात घातला आणि माझंच पुस्तक बाहेर काढलं. माझ्या दुकानातल्या खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. मला आधी वाटलं की चुकून हाताला लागलं असेल. मग त्या बोलायला लागल्या.

"आपल्याच गावात एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "दिवसभर रंगांच्या ढिगात बसते, दुसऱ्यांच्या साडीला रंग जुळवून देते. तिनं पोटची मुलगी जावेच्या ओटीत घातली. ती मुलगी दर दिवाळीला येते, तिला काकी म्हणते, आणि ही तिच्या हातात एक पुस्तक ठेवते. मी तिचं नाव घेणार नाही. पण हे पुस्तक का वाचायचं, ते तिला विचारा."

पुढंही बोलल्या. फार छान बोलल्या, ते नाकारून काय करू? खतवाले आले नव्हते म्हणून त्यांच्यासाठी काकांचा फोन मध्ये टेबलावर टेप करत होता आणि त्यावरचा लाल ठिपका मला दिसत होता. उठावं, फोन उचलावा, असं आत कुणीतरी ओरडून सांगत होतं, तरी मी बसूनच राहिले. उठले असते तर ती बाई मीच हे सगळ्यांना कळलं असतं, हे एक. आणि न उठताही सगळ्यांना कळलंच होतं. वाशीत मॅचिंग सेंटरं आहेत किती? बाई बसल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेलर चाचांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडंही बघत नव्हते, खाली सतरंजीकडं बघत होते. त्या माणसाचे ते उपकार मी विसरणार नाही.

माझा नंबर आला. काका म्हणाले, बोला ताई. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझं पुस्तक सांगून झालं. लोकांना वाटलं मी गंमत करते आहे, ते हसले. बाईसुद्धा हसल्या.

त्याच संध्याकाळी ते बोलणं ग्रुपवर गेलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते ग्रुपमध्ये राहिलं नव्हतं. कोणी आपल्या बहिणीला पाठवलं, कोणी कॉलेजच्या सरांना, आणि 'वाशीच्या एका शिक्षिकेनं केलेलं सुंदर पुस्तक-कथन, शेवटपर्यंत ऐका' असं वर लिहून ते फिरायला लागलं. माझ्याच एका गिऱ्हाइकानं मला ते काउंटरवर ऐकवलं. त्या दिवशी केशरी रंग होता आणि मी तिला केशरी ब्लाउजपीस मोजून देत होते.

दुसऱ्या माळेला मी दुपारी दुकान बंद करून बाईंच्या घरी गेले. ऐन नवरात्रात दुकान बंद केलं, यावरून काय ते समजा. बाई फराळ करत होत्या. मला वाटलं होतं त्या शरमतील. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या की त्या पुस्तकाला किती मागणी आलीय माहितीय का, काकांनी चार प्रती मागवायला सांगितल्यात.

मी म्हणाले, "बाई, तुमी मला शब्द दिला होता."

"मी नाव घेतलं का?" बाई म्हणाल्या. "एकदा तरी घेतलं का, सांगा."

मी म्हणाले की नाव घ्यायचं शिल्लक काय ठेवलंत. त्यावर त्या मला समजावायला लागल्या. तुम्ही तिथं उभ्या राहून 'चांगलं हाय, वाचा' एवढंच म्हणाला असता. इतकं मोठं पुस्तक फुकट गेलं असतं. तुमच्याच दुःखाला मी आवाज दिला. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे, उलट लोकांना तुमच्याबद्दल आदरच वाटेल. त्यांचा चेहरा खरोखर निर्मळ होता आणि त्यामुळंच मला जास्त घाण वाटली. चोरी केलेल्या माणसाला आपण चोरी केली हे कळतं तरी. या बाईला कळतच नव्हतं. आठ वर्षं त्या मला 'तुम्हाला काय वाटलं' विचारत होत्या ते माझ्यासाठी की वर्गात सांगायला काहीतरी हाती लागावं म्हणून, असा विचार मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. केसानं गळा कापला म्हणतात, तसं झालं. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून उठले. त्यांच्याकडची तीन पुस्तकं माझ्याकडं होती, ती चाचांच्या हाती पाठवून दिली. त्यांनी माझं ते पुस्तक परत पाठवलं नाही.

चौथ्या माळेला जळकोटहून जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तू सांगितलंस व्हय कुणाला?"

पोरगी तेव्हा धाराशिवला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. त्यांच्या कॉलेजात पुस्तकं वाचणाऱ्या मुलींचा ग्रुप आहे. त्या ग्रुपवर ते टेप केलेलं आलं. तिनं ते ऐकलं, गाडीत बसली, जळकोटला गेली आणि जाऊबाईंसमोर फोन ठेवून ते त्यांना ऐकवलं. जाऊबाईंनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. घरात घट बसलेला, आणि पोरगी दोन दिवस जेवलेली नाही, असं त्या सांगत होत्या. देवीपुढं दिलेला शब्द मोडला होता आणि तो मोडणारी मी होते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

सहाव्या माळेला पोरगी दुकानात आली. दुपारचं ऊन कडक होतं, रस्त्यानं मळणी यंत्रं जात होती आणि सोयाबीनचा भुस्सा पार दुकानात येत होता. गर्दी जरा ओसरली होती. ती नेहमीसारखी आत येऊन स्टुलावर बसली. मी तिच्याकडं बघितलं आणि मला तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही. तिला पाणी दिलं, ते तिनं प्यायलं.

मग मीच सुरू केलं. तिनं काही विचारायच्या आत मी बाईंचं गाऱ्हाणं सांगत बसले. त्यांनी कसा शब्द दिला होता, कसं माझंच पुस्तक पिशवीतून काढलं, फोन कसा टेप करत होता, घरी गेले तेव्हा कशा बोलल्या. सगळं सांगितलं. सहा दिवस मला हे कोणाला तरी सांगायचं होतं आणि समोर माझी पोर बसली होती. बोलता बोलता मी रडायला लागले. ती रडली नाही.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मी गाडीत बसून सारखा एकच विचार करत होते. तू मला सांगितलं नाहीस, कारण ते सांगण्यासारखं नसेल, तू कुणालाच सांगितलं नसशील. तसं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण तू सांगितलंस की. एका पुस्तकाबद्दल चार शब्द बोलता यावेत म्हणून सांगितलंस. फक्त मला सांगितलं नाहीस."

मी म्हणाले की त्यांनी खोदून विचारलं गं.

"मी पण विचारायचे," ती म्हणाली. "वाचायचं वेड कुठून आलं, ते. दर दिवाळीला विचारायचे."

बाईंवरचा राग तसाच होता, आजही आहे, पण त्या रागाच्या आड मला उभं राहता येईना. बाईंनी माझी गोष्ट चोरली असं मी सहा दिवस स्वतःला सांगत होते. ती गोष्ट मुळात पोरीची होती. तिची वस्तू मी वीस वर्षं माझ्याकडं ठेवून घेतली आणि एका शनिवारी, चहा पिता पिता, तिसऱ्याच बाईच्या हातात दिली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पारगावकडची कोणीतरी, नेहमीची नव्हे. तिला दुसऱ्या दिवसासाठी गुलाबी ब्लाउजपीस हवा होता, फिका नको, गडदही नको. माझे डोळे पुसायचे राहिले होते. मी फळीवरून काढलेला पहिला रंग चुकला. दुसराही चुकला. पोरगी उठली, वरच्या खणातून बरोबर तो गुलाबी काढला, उजेडात धरून दाखवला आणि मीटरपट्टीनं मोजून कात्री लावली. सुट्टीत येऊन येऊन तिला सगळं ठाऊक झालेलं. रंग तिला माझ्याइतकाच कळतो.

ती बाई कौतुकानं बघत होती. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, "पोरगी कोण म्हणायची तुमची?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी लोकांनी विचारला असेल. जिभेला त्याचं उत्तर पाठ होतं, ते बाहेर पडायला माझी गरजच लागली नाही.

"जावेची लेक हाय," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मी पोरीकडं बघितलं. तिची कात्री क्षणभर थांबली, मग पुढं चालली. तिनं कापडाची घडी घातली, पिशवीत घातली आणि त्या बाईच्या हातात दिली. बाई गेली. पोरीनं कात्री खिळ्याला अडकवली आणि स्टुलाजवळची आपली सॅक उचलली.

"थांब की जरा," मी म्हणाले. "जेवून तरी जा."

तिनं मान हलवली, नको म्हणून. मी शटरपर्यंत तिच्या मागं गेले. मळणी यंत्र जाईपर्यंत ती तिथं उभी राहिली, मग रस्ता ओलांडून स्टँडच्या दिशेनं गेली. दुकानात आणखी दोघी बायका येऊन उभ्या होत्या. त्यांनाही गुलाबीच पाहिजे होता.